करवतीची धार आणि तिचे दाम : मुळशीच्या लाकडातून दिसणारा इतिहास

#थ्रेड #इतिहास #मुळशी

१/ पुण्याहून पौड रस्त्याला लागले की भूगाव, पिरंगुट, पौड ही गावे एकेक करून मागे पडतात आणि मुळशीच्या डोंगररांगा समोर येतात. या रस्त्याच्या कडेने आज बंगले आहेत, कारखाने आहेत आणि फर्निचर घडवणाऱ्या कार्यशाळाही आहेत. त्या कार्यशाळांत एक प्रश्न वारंवार निघतो : लाकूड कापण्याचे पाते स्वस्त घ्यावे की महाग? हा प्रश्न वरवर दुकानदारीचा आहे. परंतु सह्याद्रीच्या या पट्ट्यात त्याचे उत्तर गेली दोन हजार वर्षे बदलत आले आहे, आणि प्रत्येक बदलामागे इतिहास उभा आहे.

२/ करवतीचे दाम कधीच केवळ लोखंडाचे दाम नव्हते. लाकूड किती दुर्मिळ आहे, कापणाऱ्याच्या श्रमाचे मोल किती आहे आणि बोथट झालेल्या दात्यांना पुन्हा धार लावण्याचे कसब कोणाच्या हाती आहे, या तीन गोष्टींनी ते ठरत आले. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. हा थ्रेड मुख्यतः तिच्याविषयी आहे.

३/ प्रथम शब्द. ‘करवत’ हा संस्कृत ‘करपत्र’ या शब्दाचा वंशज. सुश्रुतसंहितेतील शस्त्रांच्या यादीत करपत्र आहे. तेथे ते हाड कापण्याचे साधन म्हणून येते. काशीला जाऊन करवतीखाली देह ठेवण्याच्या कल्पनेतून मराठीला ‘काशीकरवत’ हा शब्द मिळाला. विदर्भातील टसरच्या करवतकाठी साडीच्या किनारीवर करवतीचेच दाते विणलेले असतात. वैद्यक, मोक्ष आणि वस्त्र या तिन्ही क्षेत्रांत शिरलेले सुताराचे दुसरे हत्यार शोधावे लागेल.

४/ वस्तू शब्दाहूनही जुनी. मोहेंजोदडो येथील उत्खननात तांब्या-काशाच्या करवती मिळाल्या. शंखाच्या बांगड्या कापण्यासाठी हडप्पा संस्कृतीचे कारागीर अशी पाती वापरत. परंतु तांबे आणि कासे मऊ असतात. कठीण लाकडापुढे त्यांची धार फार टिकत नाही. लोखंड आल्यावरच सागासारख्या लाकडाचे मोठे काम सुलभ झाले. तेव्हापासून पात्याचा कठीणपणा आणि लाकडाचा कठीणपणा यांची शर्यत सुरू आहे.

५/ या शर्यतीचे विलक्षण पुरावे मुळशीच्या उत्तरेला, शेजारच्या मावळ तालुक्यात आहेत. कार्ले आणि भाजे येथील चैत्यगृहांच्या छताला लाकडी कमानी बसवलेल्या आहेत आणि त्यांतले प्राचीन लाकूड आजही टिकून आहे. भाज्याच्या लाकडावर तर ब्राह्मी अक्षरे सापडली. कार्ल्याच्या एका शिलालेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने लेण्याचे प्रवेशद्वार केल्याची नोंद आहे. त्याच्यासाठी तेथे ‘वढकी’ या अर्थाचा प्राकृत शब्द वापरला आहे. विदर्भात सुताराला आजही ‘वाढई’ म्हणतात. राजे आणि श्रेष्ठी यांच्या दानांबरोबरच एका सुताराचे नावही दगडात उमटले.

६/ करवत कापते कशी, हे येथे पाहून घेणे आवश्यक आहे. तिचे दाते एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वळवलेले असतात. त्यामुळे लाकडात पडणारी चीर पात्याच्या जाडीपेक्षा थोडी रुंद होते आणि पाते अडकत नाही. त्या चिरेइतके लाकूड मात्र भुसा होऊन जाते. म्हणजे प्रत्येक कापाला दोन खर्च असतात : झिजलेली धार आणि वाया गेलेले लाकूड. स्वस्त आणि महाग पात्यांची तुलना अखेर या दोन खर्चांची तुलना असते.

७/ गावच्या लोहाराने घडवलेले जुने पाते मऊ लोखंडाचे असे. मऊ पाते पुढे ढकलले तर वाकते. ओढले तर ताणले जाऊन सरळ राहते. म्हणून पातळ पात्याच्या करवती कापताना स्वतःकडे ओढायच्या किंवा लाकडी चौकटीत ताणून बसवायच्या, अशी रीत जगाच्या अनेक भागांत पडली. मऊ पात्याचा दोष उघड होता : ते लवकर बोथट होई. गुणही तितकाच उघड होता : कानस घेऊन बसले की थोड्याच वेळात ते पुन्हा कापू लागे.

८/ पौड मावळातील सुतार हा गावगाड्याचा बलुतेदार होता. नांगर, कुळव, गाडी, घराचे खांब आणि तुळया ही त्याची कामे. मोबदला सुगीला मिळणाऱ्या धान्याच्या बलुत्यातून. त्याच्या करवतीचे पाते लोहाराकडून येई आणि लोहारही बलुतेदारच. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात ही सारी व्यवस्था तपशिलाने मांडली आहे. या व्यवस्थेत पात्याला रोख किंमत क्वचितच होती. धार लावण्याची मजुरी वेगळी नव्हती; ती सुताराच्या कामाचाच भाग होती. ‘स्वस्त की महाग’ हा प्रश्न त्या अर्थाने अस्तित्वातच नव्हता.

९/ लाकूड मात्र सोपे नव्हते. मुळशीच्या डोंगरउतारांवर ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा ही झाडे आहेत. ऐनाचे लाकूड जड आणि चिवट. घराच्या खांबांना तेच लागे. भिंती पुष्कळदा कारवीच्या काठ्यांना चिखल लिंपून उभ्या राहत. सागाची अडचण आणखी वेगळी. साग हाताला मऊसर वाटतो, पण त्याच्या पेशींत सिलिका, म्हणजे वाळूत असते तेच द्रव्य, सूक्ष्म कणांच्या रूपाने साठलेले असते. सागावर चालवलेले पाते प्रत्येक ओढीला जणू बारीक वाळूवरून फिरते. हे कण सुताराच्या डोळ्यांना दिसत नसत, पण बोथट होणारे दाते त्याला दिसत.

१०/ मग उत्तम पोलाद का वापरले जात नव्हते? भारतात ते होते. मुशीत वितळवून केलेले, ‘वुट्झ’ नावाने युरोपात गाजलेले पोलाद दक्षिण भारतात आणि तेलंगणात तयार होई. १७९४ मध्ये मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढे मायकेल फॅरडे यांनीही त्यावर प्रयोग केले. परंतु हे पोलाद प्रामुख्याने तलवारींकडे गेले. मराठा सरदार युरोपीय पात्याची ‘फिरंग’ वापरत आणि तिच्यासाठी दाम मोजत. उंची पाते तलवारीला आणि साधे पाते करवतीला, अशी ही विभागणी होती.

११/ त्या काळी लाकूड वाचवण्याचा विचार पात्यातून नव्हे, आज्ञेतून झाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सुमारे १७१५) आरमाराच्या लाकडाविषयी स्वतंत्र सूचना आहेत. जहाजांसाठी साग आदी लाकूड परवानगीने तोडावे, कमी पडले तर बाहेरून विकत आणावे. रयतेने वर्षानुवर्षे वाढवलेल्या आंबा-फणसाला तिच्या संमतीवाचून हात लावू नये, असा त्यांचा आशय. झाड एका दिवसात पडते, पण वाढायला दीर्घकाळ लागतो, हे व्यस्त प्रमाण राज्यकर्त्याने येथे ओळखले होते. करवतीच्या अर्थशास्त्राचा पायाही हेच प्रमाण आहे.

१२/ अठराव्या शतकात पुणे वाढले आणि सह्याद्रीचे लाकूड शहराकडे वाहू लागले. शनिवारवाड्याचे काम १० जानेवारी १७३० रोजी सुरू झाले आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. साग जुन्नरच्या जंगलांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून आला. खर्च १६,११० रुपये झाल्याची नोंद सांगितली जाते. १८२८ च्या आगीत आतील लाकडी इमारती जळून गेल्या. पेठांतील इतर असंख्य वाड्यांचे सागवान मात्र टिकले. ते आजच्या पात्यांनाही भेटते. त्याकडे हा थ्रेड पुढे वळणार आहे.

१३/ मुंबईत याच लाकडाने जगाचे लक्ष वेधले. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजे बांधली. १८१७ मध्ये येथे बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे ब्रिटिश युद्धजहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. अशा जहाजांसाठी लांबच लांब ओंडके फळ्यांत कापावे लागत. एक माणूस ओंडक्यावर, दुसरा खालच्या खड्ड्यात, मध्ये उभी करवत : यंत्रापूर्वीच्या जगात मोठी फळी अशीच निघे. खालच्या माणसाच्या डोळ्यांत भुसा पडे आणि वरच्याला रेघ सांभाळावी लागे.

१४/ याच काळात इंग्लंडमध्ये पात्याचे स्वरूप बदलत होते. १७४० च्या दशकात शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन यांनी मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली. तत्त्व वुट्झच्या जवळचे, पण प्रमाण औद्योगिक. एकसारख्या दर्जाचे पोलाद लाटून पत्रे करता येऊ लागले आणि करवत पुढे ढकलूनही न वाकण्याइतकी ताठ झाली. शेफील्डची करवत वसाहतींच्या बाजारांत पोहोचली. गावच्या लोहाराच्या पात्याशेजारी कारखान्याचे, शिक्का मारलेले, रोख पैशाने घ्यायचे पाते आले. स्वस्त आणि महाग हा भेद सुताराच्या पेटीत येथून शिरला.

१५/ तरीही या महाग करवतीने एक गोष्ट बदलली नाही. शेफील्डचे पातेही कानशीनेच धारदार होई. सुताराने ते एकदा घेतले की वर्षानुवर्षे त्याचे दाते तोच घासे, तोच वळवी. पाते झिजून अरुंद होई, तरी कामातून जात नसे. किंमत जास्त होती, पण धारेची मालकी सुताराकडेच राहिली. पुढच्या शतकात नेमकी हीच मालकी सुटत गेली.

१६/ दरम्यान लाकडाची भूक वाढली. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली आणि १८६३ मध्ये बोरघाटाची चढण पूर्ण झाली. प्रत्येक मैलाला लाकडी स्लीपर लागत. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांवर सरकारी पकड घट्ट केली. डोंगरातल्या माणसाला घरापुरते लाकूड तोडणेही परवानगीचा विषय झाले. लाकडाला बाजारभाव आला, आणि त्यासोबत भुशालाही हिशेब आला.

१७/ हा हिशेब सोप्या अंकांत मांडता येतो. ३० सेंटिमीटर जाडीचा, चारही बाजू चौरस केलेला ओंडका घ्या आणि त्यातून २५ मिलिमीटरच्या फळ्या काढा.
चीर ६ मिलिमीटरची असेल तर ९ फळ्या निघतात.
चीर ३ मिलिमीटरची असेल तर १०.
चीर २ मिलिमीटरची असेल तर ११.
ओंडका तोच, झाड तेच. फरक फक्त पात्याच्या जाडीचा. ६ ऐवजी २ मिलिमीटरची चीर म्हणजे प्रत्येक ओंडक्यामागे दोन फळ्यांची बचत. जंगल विपुल असताना हा फरक कोणी मोजत नाही. जंगल आटल्यावर तोच नफा-तोटा ठरवतो.

१८/ म्हणून यंत्रयुगात दोन पाती समोरासमोर आली. गोल पात्याच्या करवतीचे पेटंट इंग्लंडमध्ये सॅम्युएल मिलर यांनी १७७७ मध्ये घेतले. हे पाते वेगवान, पण मोठ्या ओंडक्यासाठी जाड ठेवावे लागे आणि रुंद चीर पाडी. दुसरे पट्ट्याचे : दोन चाकांवरून अखंड फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. त्याची कल्पना विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ मध्ये मांडली; पण सांधा न तुटणारा पट्टा बनायला एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडला. पातळ पट्टा भुसा कमी करी. महाग लाकडासाठी पट्टा आणि झटपट कामासाठी गोल पाते, ही वाटणी वखारींत आजही दिसते.

१९/ यंत्राला शक्ती हवी, आणि येथे मुळशीचे नाव इतिहासात वेगळ्या कारणाने येते. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळा-नीला खोऱ्यात धरण बांधायचे ठरले. पन्नासच्या आसपास गावांवर विस्थापनाचे संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही त्यातील अग्रणी नावे. लढा १९२४ पर्यंत चालला, पण धरण झाले. १९२७ मध्ये घाटाखाली भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली.

२०/ ती वीज मुंबईकडे गेली. मुंबईत विजेच्या मोटारी फिरू लागल्या : गिरण्यांच्या, कारखान्यांच्या आणि लाकूड कापणाऱ्या यंत्रांच्याही. मुळशी खोऱ्यात मात्र भातखाचरे आणि घरे पाण्याखाली गेली, माणसे पांगली, बलुत्याचे धान्य ज्या शेतातून येई ते शेतच उरले नाही. जलाशयाच्या काठावरील अनेक वस्त्यांना वीज मिळण्यास पुढे कित्येक दशके लागली. ज्या खोऱ्याच्या पाण्याने शहरातील गोल पाते फिरवले, त्या खोऱ्यातील सुतार दीर्घकाळ हातकरवतच ओढत राहिला.

२१/ स्वातंत्र्यानंतर लाकूडच बदलले. प्लायवूड आले, त्यावर चिकटवायचा सनमायका आला, पुढे भुशापासून दाबून केलेल्या पाट्या आल्या. अखंड लाकडाची टंचाई हे त्यामागचे मोठे कारण. परंतु प्लायवूडच्या थरांमध्ये वाळलेली कृत्रिम राळ असते आणि ती काचेसारखी कठीण होते. साध्या पोलादाचे पाते सागापुढे दिवसभर तग धरत असेल, तर या पाट्यांपुढे ते फार लवकर हार मानते. शिवाय वेगाने फिरणारे पाते तापते आणि तापल्यावर साधे पोलाद आपला कठीणपणा गमावते.

२२/ उत्तर आले ते दिव्याच्या कारखान्यातून. विजेच्या दिव्यांतील टंगस्टनची तार ओढण्यासाठी अतिशय कठीण साचे हवे होते. १९२३ मध्ये बर्लिनच्या ओसराम कंपनीतील कार्ल श्र्योटर यांनी टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टसह दाबून, भाजून घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. क्रुप कंपनीने त्याच दशकात हा पदार्थ ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला. नावाचा अर्थ ‘हिऱ्यासारखा’. पुढे या पदार्थाचे छोटे तुकडे पोलादी चकतीच्या प्रत्येक दात्यावर झाळून बसवले जाऊ लागले. आजचे गोल पाते ते हेच.

२३/ या कथेचे दोन धागे महाराष्ट्रात एकत्र दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून करवती बनवणाऱ्या सँडविक या स्वीडिश कंपनीने १९६० मध्ये पुण्यात, दापोडी येथे बस्तान बसवले. पुण्याच्या कारखानदारीला कार्बाइडची ओळख घडवण्यात तिचा वाटा आहे. दुसरीकडे ठाणे, चिपळूण आणि रत्नागिरी येथे जे. के. फाइल्सच्या कानशी तयार होत आल्या. जगातील मोठ्या कानस-उत्पादकांत या कंपनीची गणना होते. एक उद्योग मऊ दात्याला पुन्हा धार देणारा. दुसरा असा दाता घडवणारा, ज्यावरून कानस नुसती घसरते.

२४/ कार्बाइडला धार लावायची तर हिऱ्याची चकती आणि अचूक यंत्र लागते. म्हणजे धार सुताराच्या मांडीवरून उठून यंत्रशाळेत गेली. हातकरवतीचेही तेच झाले. आज दुकानात मिळणाऱ्या अनेक करवतींचे दाते विजेच्या उष्णतेने कडक केलेले असतात. त्यांची टोके निळसर-काळी दिसतात. त्या दीर्घकाळ कापतात, पण कानस त्यांना लागत नाही. बोथट झाल्या की टाकून द्यायच्या. आजोबांची स्वस्त करवत आयुष्यभर चाले. नातवाची स्वस्त करवत काही महिन्यांत भंगारात जाते.

२५/ गोल पात्यांत आता उलट चित्र दिसते. पुन्हा पुन्हा धार लावून घेण्याजोगे असते ते महाग पाते. त्याच्या दात्यांवरील कार्बाइडचे तुकडे जाड असतात, त्यामुळे ते अनेकदा घासता येतात. चकती सपाट आणि ताण देऊन घडवलेली असते, म्हणून पातळ असूनही थरथरत नाही. उष्णतेने फुगण्यासाठी तिच्या कडेला बारीक फटी ठेवलेल्या असतात. स्वस्त पात्यावरील तुकडे लहान असतात. एकदोनदा घासले की संपतात, आणि घासण्याची मजुरी नव्या पात्याच्या किमतीला टेकते. दात्यांची संख्या मात्र दर्जा सांगत नाही. २४ दाते लाकडाच्या उभ्या कापासाठी, ६० ते ८० आडव्या कापासाठी आणि प्लायवूडसाठी. हा कामाचा भेद आहे.

२६/ हिशेब असा करता येतो. समजा, एक पाते ३०० रुपयांचे आहे आणि २०० मीटर कापून निकामी होते : मीटरला दीड रुपया. दुसरे १,८०० रुपयांचे आहे, एका धारेत ८०० मीटर कापते आणि प्रत्येकी ३०० रुपये देऊन चार वेळा धार लावून घेता येते. एकूण खर्च ३,००० रुपये, काप ४,००० मीटर : मीटरला पाऊण रुपया. कागदावर महाग पाते निम्म्या खर्चाचे ठरते. अट एकच : धार लावणारी यंत्रशाळा जवळ असली पाहिजे. पुण्यालगतच्या पिरंगुटला हे शक्य असते. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावरच्या वाडीत हाच हिशेब कोलमडू शकतो.

२७/ आणखी एका ठिकाणी तो कोलमडतो, आणि तेथे इतिहास प्रत्यक्ष पात्याला भिडतो. पुण्याच्या पेठांतील वाडे पाडले जातात, तेव्हा त्यांचे सागवान जुन्या लाकडाच्या बाजारात येते. भवानी पेठेच्या लाकूडबाजारापासून शहराबाहेरच्या कार्यशाळांपर्यंत त्याला मोठी मागणी असते. इतके मुरलेले लाकूड नव्या झाडातून मिळत नाही. पण त्या तुळयांच्या पोटात जुने घडीव खिळे दडलेले असतात. कार्बाइड कठीण, पण ठिसूळ. वेगात फिरणारा दाता खिळ्यावर आदळला की त्याचा टवका उडतो, आणि १,८०० रुपयांचे पाते पहिल्याच दिवशी निकामी होऊ शकते.

२८/ म्हणून जुने लाकूड हाताळणारा जाणता कारागीर आधी चुंबक किंवा धातुशोधक फिरवून खिळे उपसतो, पहिला ओबडधोबड काप स्वस्त पात्याने घेतो आणि लाकूड स्वच्छ झाल्याची खात्री पटल्यावरच चांगले पाते चढवतो. सेंट्रिंगच्या सिमेंट लागलेल्या फळ्यांनाही स्वस्तच पाते योग्य. मात्र एक मर्यादा कोणत्याही किमतीने ओलांडू नये. पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची संख्या यंत्राच्या वेगापेक्षा कमी असेल, तर ते पाते वापरूच नये. फरशी कापण्याच्या छोट्या कटरला लाकडाचे पाते लावण्याची रीत सर्वत्र दिसते. तो कटर अतिशय वेगाने फिरतो, आणि सुटलेला दाता डोळा किंवा हात पाहत नाही.

२९/ लाकडाच्या बाजूनेही बंधने वाढली आहेत. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ पासून वनविषयक आदेशांची मालिका दिली. २००२ मध्ये केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीवाचून नव्या सॉ मिल उघडण्यास मनाई झाली. पुढे २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी हा अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे आला. यंत्रे आणि लाकूड दोन्ही मर्यादित असताना एका ओंडक्यातून ९ फळ्या काढायच्या की ११, हा प्रश्न मालकाच्या नफ्यापुरता राहत नाही. न तोडाव्या लागणाऱ्या झाडांचा हिशेबही त्यात येतो.

३०/ मुळशी, वेल्हे, भोर या भागांत अजूनही देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यांचे मोल अभ्यासकांच्या जगासमोर आले. देवाच्या नावाने राखलेल्या त्या झाडांना परंपरेने करवत लागत नसे. गावाने एका रानात करवत चालवली आणि दुसऱ्या रानात ती नेलीच नाही. लाकूड कसे कापावे याइतकेच ते कोठे कापू नये, हेही या डोंगरांत ठरलेले होते.

३१/ तर पिरंगुटच्या कार्यशाळेतील प्रश्नाचे उत्तर असे. खिळ्यांच्या, सिमेंटच्या, अनोळखी लाकडासाठी स्वस्त पाते. सागासाठी, प्लायवूडसाठी, रोजच्या कामासाठी महाग पाते, पण धार लावून देणारा माणूस सापडल्यानंतरच. आणि हातकामासाठी शक्यतो अशी करवत, जिला कानस लागते. शेफील्डची करवत असो की लोहाराचे पाते, ते टिकले कारण त्याला धार देणारे हात गावात होते. ते कसब ज्या परिसरात जिवंत राहील, तेथेच महाग पाते खऱ्या अर्थाने स्वस्त पडेल.

(समाप्त)